पाच ‘एच’ आणि ‘मला तर काहीच होत नाही’

पत्र थोडक्यात: सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेतल्या शिक्षिकेचं हे पत्र. वय ४६, उंची पाच फूट एक इंच, वजन ५२ किलो. माहेरी-सासरी ‘काडी’ म्हणूनच ओळख. बीपी नाही, शुगर नाही, व्यसन नाही. शाकाहारी, सोमवार आणि चतुर्थीचे उपवास. वर्ग दुसऱ्या मजल्यावर, तरी जिना चढताना दम लागत नाही, आणि ‘दिवसभर उभीच असते’. मात्र थोरल्या भावाला गेल्या वर्षी, ४९व्या वर्षी, हार्ट अटॅक आला आणि अँजिओप्लास्टी करावी लागली. धास्तावलेल्या मुलाने आईसाठी ‘फुल बॉडी’ पॅकेज बुक केलं, लॅबवाला घरी येऊन रक्त घेऊन गेला आणि रात्री मोबाइलवर पीडीएफ आली. तीत पाच ठिकाणी लाल ‘एच’, म्हणजे ‘हाय’, होते. एचबीएवनसी ६.०, ट्रायग्लिसराइड १७८, लायपोप्रोटीन-ए ६८, एचएस-सीआरपी ४.१ आणि होमोसिस्टीन २४. उपाशीपोटी साखर ९२, एकूण कोलेस्टेरॉल २०१, ‘वाईट’ कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल १२४, ‘चांगलं’ म्हणजे एचडीएल ४१, हिमोग्लोबिन १०.१. दुसऱ्या दिवशी लॅबमधून फोन आला, ‘मॅडम, तुमची हार्ट रिस्क हाय आहे, सीटी अँजिओवर (हृदयाच्या वाहिन्यांच्या स्कॅनवर) या आठवड्यात सूट आहे.’ भाऊ म्हणतो, आजच्या आज कर. मिस्टर म्हणतात, ठणठणीत आहेस, तो कागद फाडून टाक. ताईंचे प्रश्न तीन: मी निरोगी की आजारी? सीटी करून एकदाचं मन शांत करावं का? आणि कोलेस्टेरॉलची गोळी लागली की जन्माची लागते, मग टाळलेली बरी ना? पत्राच्या शेवटी ‘ता. क.’ म्हणून दोन ओळी आहेत. धाकटीच्या वेळी गरोदरपणात साखर वाढली होती, नंतर उतरली. आणि रक्त दिलं त्या आठवड्यात सर्दी-तापाने घरीच होते.

ताई, नमस्कार.

पत्रातला सगळ्यात मोलाचा मजकूर तुम्ही ता. क. मध्ये टाकलात, म्हणून सुरुवात तिथूनच करते. लाल ‘एच’ दिसला की माणूस त्याच्याकडेच बघत राहतो, पण तो ‘एच’ कोणत्या अंगावर उमटलाय हे लॅबच्या यंत्राला कळत नाही. तुम्ही तापातून उठत होतात, रक्त कमी आहे, पाळी जाण्याचं वय जवळ आलंय आणि एका बाळंतपणात साखर वाढलेली होती. एवढं कळल्यावर त्या पाच ‘एच’ना एकाच रांगेत उभं करता येत नाही.

आधी एचएस-सीआरपी बाजूला काढा. शरीरात कुठे जळजळ चालू आहे का, हे ते सांगतं. निरोगी दिवसांत ते १च्या खाली असेल तर चांगलं, ३च्या वर गेलं तर लक्ष द्यावं. पण सर्दी-तापात, दात दुखत असताना किंवा गळू झालेलं असताना ते वाढणारच. तुमचं ४.१ हे हृदयाबद्दल काहीही सांगत नाही. पूर्ण बरं वाटल्यावर दोन-तीन आठवडे जाऊ द्या आणि मग हवं तर पुन्हा बघा. याच तापाने ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबीही थोडी वर आणि एचडीएल थोडं खाली ढकललं असेल. त्यामुळे लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइडची तपासणी, पुन्हा केल्याशिवाय कुणी त्यावर निर्णय घेऊ नये, अगदी मीसुद्धा. ही तपासणी आजारपणाच्या दिवसांत नको, नेहमीच्या आठवड्यात करा.

होमोसिस्टीन हे रक्तातलं एक अमिनो आम्ल. ते २४ बघून लॅबने ‘हार्ट रिस्क’ म्हटलं असेल. तुम्ही शाकाहारी आहात, म्हणजे पहिला संशय बी-ट्वेल्व्ह कमी असण्याचा. ते तपासा आणि कमी निघालं तर जरूर भरून काढा. हातापायांना मुंग्या येणं, थकवा, विसराळूपणा यांसाठी त्याचा उपयोग आहे. पण त्याने हृदय सुरक्षित होईल अशी आशा ठेवू नका. जीवनसत्त्वं देऊन होमोसिस्टीन खाली आणता येतं, मात्र त्यामुळे हार्ट अटॅक कमी झाले असं मोठ्या चाचण्यांत दिसलं नाही. तरी हा आकडा पॅकेजमधून काही जात नाही. यादी जितकी लांब तितकी पॅकेजची किंमत रास्त वाटते, दुसरं काय!

आता एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आणि तुमचं ६.० आलंय. पण ही सरासरी तांबड्या पेशींवर चिकटलेल्या साखरेवरून काढतात. लोह कमी असेल तर तांबड्या पेशी जास्त दिवस टिकतात आणि आकडा खोटाच वर दिसू शकतो. तुमचं हिमोग्लोबिन १०.१ आहे आणि उपाशीपोटी साखर ९२. तेव्हा आधी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बघून घ्या आणि साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त देण्याची जुनी चाचणी करा. १४०च्या आत आली तर उत्तम. पण म्हणून हुश्श करू नका. गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या सुमारे सातपट असतो. ‘नंतर उतरली’ हे खरं, पण शरीराने तेव्हाच एक इशारा देऊन ठेवला होता. साखर दर वर्षी तपासायची, एवढं त्यावरून पक्कं करून टाका.

आणि रक्त कमी का आहे, हाही प्रश्न सोडू नका. या वयात पाळीत अंगावरून जास्त जाणं बायका ‘आता जायची वेळ आली’ म्हणून सोसत राहतात. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका, जेवणानंतर तासभर तरी चहा नको. लिंबू पिळलेली मटकीची उसळ चालेल.

उरले दोन ‘एच’, आणि माझ्या मते खरी दखल घ्यायची ती यांची. लायपोप्रोटीन-ए हा एलडीएलचाच एक भाऊ. तो किती असायचा ते जन्मतःच ठरतं. आहाराने, चालण्याने तो फारसा हलत नाही. ५०च्या वर जास्त समजतात, तुमचा ६८. तापामुळे थोडंफार इकडेतिकडे झालं असेल, पण ४९व्या वर्षी अटॅक आलेला सख्खा भाऊ बघता मला तो आकडा खोटा वाटत नाही. ही तपासणी आयुष्यात एकदा केली तरी पुरते. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यातही ती प्रत्येक प्रौढाने निदान एकदा करावी असं सुचवलंय. तो खाली आणायला आज हाताशी खास गोळी नाही, चाचण्या चालू आहेत. मग उपयोग काय? ज्याचा हा आकडा जास्त, त्याने बाकीच्या गोष्टींत ढिलाई करायची नाही, हा उपयोग.

ट्रायग्लिसराइड १७८ला ‘एच’ लागला, पण त्याच्या शेजारी दोन आकडे बिनबोभाट बसलेत. एचडीएल ४१ला लॅबने काही खूण केली नाही, कारण त्यांची खालची मर्यादा सरसकट ४० छापलेली. बायकांमध्ये ५०च्या खाली म्हणजे कमीच. दुसरं, एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. २०१ वजा ४१, म्हणजे १६०. याला नॉन-एचडीएल म्हणतात. रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरू शकणारे सगळे कण त्यात आले. हा आकडा तुमच्यासारखीचा १३०च्या आत असावा, जमल्यास आणखी खाली. ट्रायग्लिसराइड वाढलेलं असताना एकटं एलडीएल बघून समाधान मानणं धोक्याचं. बहुतेक लॅबमध्ये ते मोजत नाहीत, बाकीच्या आकड्यांवरून काढतात, आणि ट्रायग्लिसराइड जास्त असलं की उत्तर जरा कमी येतं. वाचकांपैकी ज्यांच्याकडे जुने रिपोर्ट पडलेत त्यांनी ही वजाबाकी आज करून बघावी. तिला पैसे पडत नाहीत.

आता एक काम करा. शिवणाची टेप घ्या, श्वास सोडून बेंबीच्या पातळीवर पोट मोजा. आत ओढून नव्हे! आपल्याकडच्या बायकांसाठी मर्यादा ८० सेंटिमीटर, साधारण साडेएकतीस इंच. पुरुषांना ९०. तुमचं माप त्याच्या वर निघालं, तर ट्रायग्लिसराइड, एचडीएल आणि पोट असे पाचांतले तीन निकष पूर्ण होतात. उरलेले दोन म्हणजे बीपी आणि उपाशीपोटी साखर. तीन भरले की डॉक्टर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, मग वजनकाटा ५२ किलो दाखवो की ४८.

‘काडी’ असण्यावर तुमची बरीच भिस्त दिसते, म्हणून हे सांगते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघे शेजारी उभे, दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. हातपाय बारीक, दंडात बळ बेताचं आणि चरबी पोटात, यकृतात, ही आपली ठेवण. ती गर्भापासूनच कशी घडत जाते, हे याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि मुलांवर वर्षानुवर्षं काम करून दाखवलंय. तेव्हा ‘मी बारीक आहे’ हा कुणी रोगप्रतिबंधक दाखला समजू नये.

तुमचा पहिला प्रश्न: निरोगी की आजारी? मला वाटतं प्रश्नाची मांडणीच अडचणीची आहे. स्पेनमध्ये माद्रिदला एका बँकेच्या मुख्यालयातल्या ४० ते ५४ वयाच्या चार हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या रक्तवाहिन्यांची पाहणी २०१०पासून चालू आहे. हृदयविकार नसलेली, रोज कामावर येणारी ही माणसं. त्यांच्या मानेच्या, पोटाच्या, जांघेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी आणि हृदयाचं सीटी केलं, तेव्हा ६३ टक्के लोकांत कुठे ना कुठे चरबीचे थर सापडले. पुरुषांत ७१ टक्के, बायकांत ४८. सर्वाधिक सापडले ते जांघेतल्या वाहिन्यांत, जिथे सहसा कुणी बघतही नाही. नेहमीच्या कोष्टकाने ‘धोका कमी’ ठरवलेल्यांतही निम्म्याहून जास्त जणांत ते होते. मधुमेह नसलेल्यांतसुद्धा एचबीएवनसी जसजसं वर, तसतसे थर जास्त. ट्रायग्लिसराइड १५०च्या वर असलेल्यांत एलडीएल चांगलं असूनही थर जास्त.

हे वाचून घाबरायला झालं असेल, तर पुढचंही वाचा. थर असणं म्हणजे उद्या अटॅक येणं नव्हे. त्यांच्यातल्या बहुतेकांना काहीच झालेलं नाही. काही वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा बऱ्याच जणांत थर वाढले होते, पण थोड्या जणांत सुरुवातीचे थर नाहीसेही झाले होते. म्हणजे हा आजार दोन टप्प्यांत ‘आहे’ किंवा ‘नाही’ असा नसतो. तो सावकाश सरकतो आणि ऐन चाळिशीत त्याला अडवायची संधी असते.

हा थर वाहिनीच्या पोकळीत साचतो अशी समजूत आहे. तो भिंतीच्या आत तयार होतो, जुन्या वाड्याच्या भिंतीत ओल मुरत जावी तसा. बाहेरून गिलावा शाबूत दिसतो. वाहिनी बरीच अरुंद होईपर्यंत ना छातीत दुखतं, ना ट्रेडमिल टेस्टमध्ये (टीएमटी) काही दिसतं. त्यामुळे ‘माझी टीएमटी नॉर्मल आहे’ म्हणून तंबाखू चघळत राहणाऱ्या मंडळींनी हे दोनदा वाचावं. आणि ज्या थरामुळे अटॅक येतो तो नेहमी सगळ्यात मोठाच असतो असंही नाही. छोटासा, पण नाजूक पापुद्र्याचा थर फुटतो, तिथे गुठळी होते आणि वाट बंद.

‘मग बघूनच टाकू की आत काय आहे,’ असं तुम्ही म्हणाल. लॅबच्या फोनवाल्या मुलीचंही तेच म्हणणं. मी उलट विचारते: त्या सीटीत जे दिसेल त्याने तुम्ही उद्यापासून काय वेगळं करणार? काही नाही दिसलं, तर साबुदाणा आणि ट्रायग्लिसराइड जिथल्या तिथे राहून फक्त ‘मी सुटले’ ही भावना येईल. बारीकसा थर दिसला, तर आहार, चालणं आणि कदाचित गोळी, म्हणजे आकडे बघून आजच सांगता येतं तेच. आणि मध्यम अडथळा दिसला, तर कुणीतरी भीतीपोटी ज्याची गरज नाही अशी अँजिओग्राफी, स्टेंट अशा वाटेला लावण्याची शक्यता उरतेच. त्रास होत नसलेल्या माणसाने, रंगद्रव्य टोचून घेऊन, सवलत आहे म्हणून सीटी अँजिओग्राफी करावी असं मी म्हणणार नाही. मन शांत करण्याचं ते यंत्र नव्हे. छातीत दाटणं, चढावर दम लागणं असं काही असतं तर माझं उत्तर वेगळं असतं.

वेगळी गोष्ट आहे ती कॅल्शियम स्कोअरची. यातही सीटीच, पण रंगद्रव्य नाही, किरणांची मात्रा कमी आणि काम काही मिनिटांचं. हृदयाच्या वाहिन्यांत जुना, चुना धरलेला थर किती आहे ते तो मोजतो. गोळी सुरू करावी की थांबावं, अशा कुंपणावर तुम्ही आणि तुमचे डॉक्टर बसलात तर निर्णयाला त्याची मदत होते. १०० किंवा जास्त आला तर गोळीबद्दल फारशी चर्चा उरत नाही. शून्य आला तर पुढच्या काही वर्षांसाठी बरंच आश्वासन मिळतं, पण कोरी पाटी नव्हे. स्वीडनमध्ये ५० ते ६४ वयाच्या २५ हजारांवर लोकांची तपासणी झाली, त्यात स्कोअर शून्य असलेल्यांपैकी साडेपाच टक्के लोकांत चुना न धरलेले थर होतेच. तुमच्या वयाच्या बहुतेक बायकांचा स्कोअर शून्यच येतो. म्हणून मी ही तपासणी आत्ता नाही, तीन महिन्यांनी, दुसऱ्या लिपिड रिपोर्टनंतर, डॉक्टरांना गरज वाटली तर करेन. मानेच्या आणि जांघेच्या वाहिन्यांची सोनोग्राफी हा किरणांशिवायचा पर्याय आहे, पण ती करणारा हात सरावलेला हवा.

आता गोळी. ‘एकदा लागली की जन्माची’ हे वाक्य इतक्या घरांत ऐकलंय की त्याचं मूळ कुणी विचारत नाही. स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीची, सवय लागत नाही. बंद केली तर कोलेस्टेरॉल पूर्वीच्या जागी जातं, इतकंच. चष्मा काढला की अक्षरं पुन्हा धूसर दिसतात, त्याला आपण व्यसन म्हणत नाही. भावाचा लवकर आलेला अटॅक, लायपोप्रोटीन-ए आणि गरोदरपणातली साखर हे तिन्ही एकत्र बघता तुमचे डॉक्टर गोळी सुचवतील अशी चांगलीच शक्यता आहे, आणि सुचवली तर मी अडवणार नाही. सुरू करण्याआधी थायरॉइडची टीएसएच मात्र बघा. ती बिघडलेली असेल तर कोलेस्टेरॉल तिच्यामुळेच वाढलेलं असू शकतं. स्नायू दुखले तर सांगा, डोस किंवा औषध बदलता येतं. काहींची साखर या गोळीने किंचित वाढते, हेही खरं. उंबरठ्यावरच्या माणसाने ते ठाऊक ठेवून साखर तपासत राहायची. धोका जास्त असलेल्यांत गोळीचा फायदा त्याहून मोठा ठरतो.

गोळी लागो न लागो, हे तीन महिने तुमच्या हातात आहेत, आणि ट्रायग्लिसराइड हा या सगळ्यांत सर्वांत लवकर ऐकणारा आकडा. तुम्ही सोमवार आणि चतुर्थी करता. उपवास सोडा असं म्हणत नाही, पण त्या दिवशी ताटात काय असतं ते आठवा. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस, चार वेळा साखरेचा चहा, रात्री भगर. नाव उपवासाचं आणि दिवसभर नुसती पिठूळ साखर! त्याऐवजी दही, ताक, मूठभर शेंगदाणे, एखादं फळ, फार तर राजगिऱ्याची एक भाकरी. एरवीच्या दिवशी ताटातला भात-पोळीचा डोंगर निम्मा करा आणि रिकामी जागा उसळ, पिठलं, घट्ट वरण, पालेभाजी यांनी भरा. बायकांच्या ताटात डाळीचं पाणी आणि उरलेल्या पोळ्या येतात, हे मला पत्रात न लिहिताही दिसतं. घरातलं तेल माणशी महिन्याला अर्ध्या लिटरच्या आसपास बसवता येतं का, ते एकदा डब्यावर तारीख घालून बघा.

‘दिवसभर उभीच असते’ याला व्यायाम म्हणू नका. उभं राहून पाय दुखतात, पण नाडी वाढत नाही. आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने चाला. त्यातली दहा-पंधरा मिनिटं रात्रीच्या जेवणानंतर टाकलीत तर जेवणानंतरच्या साखरेलाही उपयोग होतो. आठवड्यातून दोनदा उठाबशा, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणं, असं काहीतरी स्नायूंना ताण देणारं. बारीक हातपायांना याची गरज जास्त.

एक नाजूक प्रश्न, राग मानू नका. ‘व्यसन नाही’ असं लिहिलंत. तुमच्या भागात सकाळी दातांना मिश्री लावणाऱ्या बायका त्याला व्यसन मानत नाहीत, पेशंट म्हणून आल्या तरी सांगत नाहीत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तुमच्या घरी नसेल तर हा परिच्छेद सासूबाईंच्या किंवा शेजारणीच्या कामी येईल.

मिस्टरांना सांगा, कागद फाडायचा नाही, फाइलला लावायचा. तो, भावाचे अँजिओप्लास्टीचे कागद आणि तुमच्या धाकटीच्या वेळची प्रसूतीची फाइल असं तिन्ही घेऊन एखाद्या एमडी फिजिशियनकडे एकदा बसा. फोनवाल्या मुलीला नम्रपणे नाही म्हणा. भावाचं लायपोप्रोटीन-ए कुणी बघितलंय का, तेही विचारा. दोन्ही मुलांचं एकदा तपासून घ्या, आनुवंशिक असल्यामुळे त्यांच्यात असण्याची शक्यता बरीच असते. विशी-पंचविशीत कळलं तर सिगारेटला नाही म्हणायला आणखी एक कारण मिळतं.

शेवटी एक, कारण बायकांच्या बाबतीत इथेच उशीर होतो. छातीत दाब येणं, जबड्यात, पाठीत किंवा डाव्या हातात कळ, पोटाच्या वरच्या भागात दुखणं, एकाएकी दम लागणं, थंड घाम, कधी मळमळ आणि विलक्षण थकवा, यांतलं काही पाच-दहा मिनिटांत ओसरलं नाही तर ओवा-सोडा खाऊन पडून राहायचं नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजत बसायचं नाही. १०८ला फोन करा आणि जिथे ईसीजी निघतो तिथे पोहोचा. स्वतः स्कूटर चालवत जाऊ नका.